बाळं का जातात? 'अडाणीपणा' हे उत्तर मला पटत नाही

पळसफूल | मंगळवार, रात्री ९.४०

पावसाळा लागला की मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या येतात. यंदाही आल्या. आणि बातमीखाली दरवर्षीचीच माणसं दरवर्षीचीच वाक्यं टाकून गेली: "अंधश्रद्धा", "हे लोक दवाखान्यातच जात नाहीत", "सरकार एवढं देतंय तरी". कामानिमित्त धारणी-चिखलदरा भागात मी बरीच राहिले आहे आणि हे ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून हा धागा.

आधी आकडे. वर्षाचं व्हायच्या आत गेलेली बाळं, दर हजार जिवंत जन्मांमागे किती, तो अर्भकमृत्यू दर. नमुना नोंदणी पाहणीत २०२० साली देशाचा २८, महाराष्ट्राचा १६, केरळचा ६, मध्य प्रदेशचा ४३. देशाचा हाच आकडा १९७१ मध्ये १२९ होता. तेव्हा काहीच सुधारलं नाही असं मी म्हणत नाहीये. पण महाराष्ट्राच्या त्या १६ मध्ये कोथरूडचं बाळही आहे आणि कोरकू वस्तीतलंही, आणि त्या दोघांची सरासरी काढून आपण पाठ थोपटून घेतो.

पावसाळ्यातच बाळं जास्त का जातात, याचा विचार करा. घरातलं धान्य संपलेलं असतं, पेरणी-निंदणीची कामं तोंडावर, बाई दिवस भरलेले असतानाही रानात, नाले भरले की गाडी गावात येत नाही, आणि न्यूमोनिया-हगवणीचे दिवस. यात अडाणीपणा कुठे बसवायचा? माझ्या मते क्रम असा: आधी आईचं वजन, मग रोजंदारी, मग रस्ता, आणि अज्ञान सगळ्यात शेवटी. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या आजी-पणजीची किती मुलं जगली तेही लिहा. प्रत्येक घरात ही गोष्ट आहे, फक्त कोणी काढत नाही.

---

शून्य_बाकी | ९.५८

भावना पोचल्या. पण एकेका घरात पाच-सहा लेकरं असतील तर कुठलं सरकार पुरं पडणार? मुळावर कोणी बोलत नाही.

---

चष्मिष | १०.०२

पहिल्याच प्रतिसादात 'लोकसंख्या' आली. पैज मी जिंकलो, बायको मला एक चहा देणं लागते.

---

टीपकागद | १०.३१

@शून्य_बाकी, महाराष्ट्राचा एकूण जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १.७ आहे. म्हणजे बाईमागे दोनही मुलं नाहीत. आदिवासी पट्ट्यात जास्त आहेत, कबूल. पण तुम्ही गाडी उलटी जुंपताय. मुलं जगतील याची खात्री आली की जोडपी आपणहून थांबतात, हे देशोदेशी घडलंय. चारातली दोन जातील असं ज्या घराला माहीत आहे, ते घर दोनावर थांबणार नाही.

मुलांच्या संख्येपेक्षा अंतर महत्त्वाचं. आधीच्या बाळंतपणानंतर दोन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले तर दोन्ही बाळांना धोका. लहान वयातलं लग्न तसंच. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. शंभरात बावीस! आणि हे फक्त मेळघाटचं नाही, मराठवाड्यातल्या सधन म्हणवणाऱ्या तालुक्यांचंही आहे.

पैशाचं म्हणाल तर देशपातळीवर सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यातल्या घरांत पाच वर्षांखालचे मृत्यू सगळ्यात श्रीमंत हिश्श्याच्या जवळजवळ तिप्पट आहेत. पळसफूल यांच्या क्रमाला एवढ्यापुरतं अनुमोदन. बाकी क्रमावर माझा वाद आहे, तो उद्या. आता झोप.

---

आजी_सातारकर | बुधवार, सकाळी ६.१५

पळसफूल, तू विचारलंस म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंची अकरा बाळंतपणं, राहिली सहा. त्यांना कोणी "मुलं किती" विचारलं की "सहा" म्हणायच्या. बाकीच्या पाचांचा उल्लेख फक्त एकदा, माझं पहिलं बाळ आजारी पडलं तेव्हा, आणि तोही नावं न घेता. "थोरल्याच्या पाठचा", "आषाढातली" असं. एकीचं बारसं झालं होतं, तिचं नावही सांगितलं नाही.

आमच्याकडे पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा, रात्रभर दिवा तेवत ठेवायचा, बायका जागायच्या. सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणत. नाळ सुईण विळ्याने कापायची आणि वर राख किंवा शेण. आता ऐकायला कसंतरी वाटतं, पण सुईणबाई मायाळू होत्या हो. पैसे मागायच्या नाहीत, लुगडं-खण दिलं की झालं.

---

डॉक_वेशीबाहेर | ७.४०

आजी, तुमच्या प्रतिसादात अख्खं प्रकरण आहे. नाळेतून धनुर्वाताचे जंतू गेले की बाळ साधारण पाचव्या ते आठव्या दिवशी दूध ओढेनासं होतं, मग आकडी, मग खेळ खलास. पाचवीची जाग, सहावीची सटवाई, आणि बारावा दिवस उलटल्यावरच नाव ठेवायचं, या रिती का बसल्या असतील याचा माझ्यापुरता मला उलगडा होतो. लोक निरीक्षण बरोबर करत होते, जंतू दिसत नव्हता एवढंच. गरोदर बाईला इंजेक्शनं आणि नाळेला स्वच्छ पातं, एवढ्यावर हा आजार हटला. माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारताच्या बाबतीत २०१५ मध्ये जाहीर झालं. याचं कौतुक आपल्याकडे पोलिओच्या दशांशही झालं नाही.

आता उरलेल्या मृत्यूंबद्दल. देशात वर्षाच्या आत जी बाळं जातात त्यांतली साधारण दोनतृतीयांश पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. कारणं ठराविक: दिवस पुरे न भरणं आणि कमी वजन, जन्मताना श्वास कोंडणं, जंतुसंसर्ग. अडीच किलोच्या खालचं बाळ म्हणजे बहुतेक वेळा आईच्याच शरीराचा हिशेब. चाळीस किलोची, रक्त कमी असलेली, सतरा-अठराची मुलगी तीन किलोचं बाळ कुठून आणणार? महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे (५४.२ टक्के). तेव्हा क्रमात "आईचं वजन" पहिलं, याला माझी सही.

---

भाकरतुकडा | ९.२०

आमच्याकडे बाळाला पहिल्या दिवशी मध चाटवला, दुसऱ्या दिवशी गुटी उगाळली, तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली म्हणून डॉक्टरने आम्हाला उगाळलं.

---

रेवा_मावशी | ९.४५

गुटीला नावं ठेवू नका. मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, सगळं मोजून वेढे घ्यायचे असतात. आमच्या तिन्ही पोरांना दिली, ठणठणीत आहेत.

---

डॉक_वेशीबाहेर | १०.०५

मावशी, तुमची ठणठणीत आहेत कारण तुमच्या घरी पाणी उकळलेलं होतं आणि सहाण धुतलेली होती. ज्या घरात पिण्याचं पाणी ओढ्याचं, तिथे तीच गुटी हगवण घेऊन येते. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको, हे मी रोज सांगतो आणि रोज आज्या माझ्याकडे बघून हसतात. आणि चीक? गाईचा चीक खरवस करून वाटीवाटीने खातो, आणि बाळाला आईचा पहिला चीक "जड पडतो" म्हणून पिळून टाकतो. हे मी जंगलात नाही, चारचाकीतून येणाऱ्या घरांतही पाहिलंय.

---

भाकरतुकडा | १०.११

खरवसाची कृती द्या कोणीतरी. (जायफळ घालायचं की वेलची, हा महाराष्ट्राला विभागणारा खरा प्रश्न.)

---

रेवा_मावशी | १०.१८

वेलची. आणि साखर नाही, गूळ.

---

संपादक | १०.४०

खरवसासाठी पाककृती विभाग आहे.

---

जुना_गिरणगाव | दुपारी १.३०

हा प्रश्न फक्त जंगलातला नाही हे सांगायला शंभर वर्षं मागे नेतो. १९२१ साली मुंबईत खोल्यांच्या हिशेबाने अर्भकमृत्यू मोजले गेले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हजारी आठशेच्या वर. दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा जास्त खोल्यांत १३३. शहर एक, पाऊस एक, पाणी पुरवणारी म्युनिसिपालिटी एक. फरक फक्त खोल्यांचा, म्हणजे पगाराचा.

आमची पणजी गिरणीत रिळं भरायला होती. बाळाला अफूची गोळी देऊन चाळीत म्हातारीजवळ ठेवून जायची, कारण बाळ रडलं तर म्हातारी सांभाळणार नाही आणि खाडा झाला तर मुकादम परत घेणार नाही. 'बाळगोळी' म्हणत तिला. त्या काळच्या सरकारी अहवालातही गिरणकामगार बायकांच्या अफूची नोंद आहे. "अडाणी" म्हणा हवं तर. पण तिला दुसरं काय करता येत होतं ते सांगा.

मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा १९२९ मध्ये झाला, देशातला पहिला. त्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकर बाजूने बोलले होते. बाळंतपणाआधी-नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्याही हिताचं आहे आणि खर्चाचा भार मालकाबरोबर सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी. आजचे निम्मे वादविवाद तिथेच अडकलेत.

---

टीपकागद | २.१०

@जुना_गिरणगाव, प्रतिसाद झकास, पण त्या आठशेबद्दल एक खोच. चाळीतल्या बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर माहेरी जात. जन्माची नोंद तिकडे, आणि बाळ घेऊन परत आल्यावर ते गेलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. छेद लहान, अंश मोठा, दर फुगलेला. गरिबांची बाळं जास्त जात होती यात शंका नाही, पण आठशेचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये.

---

जुना_गिरणगाव | २.२५

बरोबर आहे. फुगा काढला तरी उतरंड राहतेच ना? दोन खोल्या आणि चार खोल्या यांत माहेरी जाण्याची रीत काही वेगळी नव्हती.

---

टीपकागद | २.२९

राहते.

---

शून्य_बाकी | ४.००

सगळे मिळून अंधश्रद्धेला पांघरूण घालताय. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाने चटके देतात हे खोटं आहे का? फोटोसकट बातम्या येतात. याला पण रोजंदारी जबाबदार?

---

पळसफूल | सायंकाळी ७.१५

खोटं नाही. मी डाग पाहिलेत, पोटावर ओळीने, आणि पाहून झोप लागत नाही. त्याचं समर्थन कोणीच करत नाहीये, गुन्हे दाखलही होतात.

पण त्या रात्री काय होतं ते सांगते. बाळाचं पोट टम्म, रडणं थांबत नाही, पाऊस. भुमका, म्हणजे त्यांचा वैदू-मांत्रिक, गावातच राहतो, बोलावलं की येतो, त्यांच्या भाषेत बोलतो, कोंबडं किंवा थोडं धान्य घेतो, तेही उधार चालतं. उपकेंद्राला कुलूप, कारण सिस्टरला तीन गावं. धारणीला पोचलं तर तिथून अमरावतीला पाठवणार. ते दीडशे किलोमीटरच्या घरात, घाटातून. त्यापेक्षा बऱ्हाणपूर जवळ म्हणून लोक राज्य ओलांडून खाजगीत जातात आणि कर्ज करून येतात. अमरावतीला बाळाला पेटीत ठेवलं की आई आत आणि बाप बाहेर, दिवसचे दिवस. मजुरी बुडते, घरची बाकीची पोरं कोणाजवळ, बाहेरचं जेवण परवडत नाही, आणि काचेपलीकडे काय चाललंय ते मराठीत सांगतात, कोरकूत नाही. म्हणून लोक न सांगता बाळ उचलून घरी येतात. मग वर्तमानपत्रात "पालकांनी बाळाला पळवले".

तुम्ही त्या जागी असता तर आधी कोणाकडे गेला असता, हे खरंच विचारते, टोमणा नाही.

---

शून्य_बाकी | ७.५०

भुमक्याकडे नसतो गेलो. पण अमरावतीला पेटीजवळ किती दिवस टिकलो असतो, सांगता येत नाही.

---

नर्सताई | रात्री १०.५०

वाचत होते, लिहायला आता वेळ मिळाला. मी उपकेंद्रावर आहे, कुठे ते विचारू नका.

आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात ते काय करतात हे इथे कोणाला माहीत नसावं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी झालं असेल तर सात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, असं. हात कोपरापर्यंत धुवायचे. बाळाला झोळीत घालून झोळीचा आकडा काट्याला अडकवायचा आणि काटा डोळ्यासमोर येईल इतका वर धरायचा. तेवढा वेळ आजी खालून दोन्ही हात धरून "पाडशील गं" म्हणत असते. काट्यावर रंग आहेत, काटा लाल रंगात राहिला की पोटात गोळा येतो. मग कपडा वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, कारण नव्या बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच धावतो. साठ किंवा वर गेले तर पुन्हा मोजायचे, पुन्हा तेवढेच आले तर गाडी बोलवायची. तळपाय गार लागले तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून दोघांना गुंडाळायचं.

या सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये. एका भेटीचे नाही, सगळ्यांचे. आणि ही योजना आली तेव्हाच्या नियमांत अट होती की बेचाळीसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघं सुखरूप असतील तर पैसे. माझ्या एका आशाताईने हे वाचून विचारलं, "म्हंजे बाळ गेलं तर मी गेलेच नव्हते का?" मला उत्तर देता आलं नाही.

नोंदीचं पण सांगते. बाळ जन्मून दोन श्वास घेऊन गेलं तर तो बालमृत्यू, त्याची चौकशी, कागद, वरून फोन, आशाला मीटिंगमध्ये उभं करणं. तेच 'उपजत मृत' लिहिलं तर सगळं शांत. मी कोणावर आरोप करत नाही. पण जिथे मृत्यू नोंदवणारीलाच ओरडा बसतो, तिथल्या शून्यावर मी विश्वास ठेवत नाही.

---

टीपकागद | ११.०४

नर्सताई, शेवटचा परिच्छेद म्हणजे या धाग्यातल्या माझ्या सगळ्या आकड्यांवर पाणी. रागावलो नाही, असंच पाहिजे.

---

डॉक_वेशीबाहेर | गुरुवार, सकाळी ७.०५

नर्सताईंनी जे लिहिलं त्याचा उगम गडचिरोलीत आहे, हे अनेकांना माहीत नसेल. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. श्वास कोंडलेल्या बाळाला कसं सावरायचं, ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं, सगळं घरीच. तेव्हा मोठमोठ्या बालरोगतज्ज्ञांनी नाकं मुरडली होती. खेड्यातली बाई नवजात बाळाला सुई टोचणार? त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापून आला. २०११ मध्ये केंद्राने ही घरभेटींची पद्धत आशांमार्फत देशभर घेतली.

आता गंमत बघा. गडचिरोलीत त्या काळात रस्ते झाले नाहीत, लोक श्रीमंत झाले नाहीत, आयांचं वजन वाढलं नाही. तरी मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणून पळसफूल, आईचं वजन पहिलं म्हणून मी सही केली खरी, पण गरिबी हटेपर्यंत थांबावं लागतं असा अर्थ त्यातून निघत असेल तर त्याला नाही.

---

उसाचा_फड | ८.३०

बीडकडचा आहे. आमच्याकडं जंगल नाही, नाले नाहीत, डांबरी रस्ता दारापर्यंत. तरी लेकरं जातात, कारण सहा महिने आम्ही दारात नसतो.

दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला टोळी निघते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली आणि आधीच संपलेली. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. बाई गरोदर आहे म्हणून अर्धा कोयता चालत नाही. एक दिवस नाही गेलं की खाडा, त्याचे पैसे उचलीतून कापणार. बाई आठव्या महिन्यात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढलेली मी बघितलीय, माझीच वहिनी. बाळंत झाली फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रात्री. आठवड्यात परत पाचट गोळा करायला. बाळ बांधावर, साडीच्या झोळीत, थंडीत. दोन महिन्यांचं होऊन गेलं. न्यूमोनिया म्हणले.

अंगणवाडीचं कार्ड गावाला. कारखान्याकडच्या ताईकडं नाव नाही, मग आहार नाही, लस नाही. नाव लिहून घ्या म्हणलं तर "तुमच्या गावचा कागद आणा". आता स्थलांतराच्या नोंदी सुरू झाल्यात म्हणतात, बघू.

पळसफूल ताई, तुमच्या क्रमात रोजंदारी दोन नंबरला टाकलीय, आमच्याकडं ती एक नंबरला आहे. वहिनीचं वजन चांगलं होतं.

---

आजी_सातारकर | ९.००

बाळा, वाचून हात थांबला. वहिनी आता कशी आहे?

---

उसाचा_फड | ९.३५

बरी आहे आजी. त्यानंतरची मुलगी चौथीत आहे. ती आमच्याकडंच राहती, फडावर नेत नाहीत.

---

मिसिसिपीची_माई | सायंकाळी ६.२०

अमेरिकेतून लिहितेय, नाव नदीवरून घेतलंय पण राज्यातही राहून झालंय. या देशात पैसा बक्कळ, दवाखाने चकाचक, आणि अर्भकमृत्यू दर २०२२ मध्ये ५.६. त्या वर्षी तो वाढला, वीसेक वर्षांत पहिल्यांदा. जपान-स्वीडनात तो दोनच्या आसपास असतो. मिसिसिपीत नऊच्या वर, म्हणजे या बाबतीत केरळ मिसिसिपीच्या पुढे!

आता मूळ प्रश्नाशी येते. इथे गोऱ्या मातांच्या बाळांचा दर ४.५, काळ्या मातांच्या बाळांचा १०.९. आणि पदवीधर काळ्या बाईचं बाळही जेमतेम शाळा शिकलेल्या गोऱ्या बाईच्या बाळापेक्षा जास्त धोक्यात असतं, हे इथल्या आकडेवारीत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे शिक्षण आहे, जागरूकता आहे, दवाखाना आहे, तरी. त्या बाईचं दुखणं दवाखान्यात कोणी मनावर घेत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मेळघाटातल्या बाईला "तुम्ही लोक" म्हणणारी खिडकी इथेही आहे, फक्त इंग्रजी बोलते. पगारी बाळंतरजेचा देशव्यापी कायदाही नाही. माझी एक सहकारी दुसऱ्या आठवड्यात कामावर होती.

---

चष्मिष | ६.४०

म्हणजे गिरणगावात १९२९ ला जे झालं ते अमेरिकेत अजून व्हायचंय. आजचा जगद्गुरू भारत कोटा पूर्ण झाला.

---

जुना_गिरणगाव | ६.५५

हुरळू नका. आपल्याकडे २०१७ पासून सव्वीस आठवडे पगारी रजा आहे, ती कोणाला? उसाचा_फड यांच्या वहिनीला नाही, घरकाम करणाऱ्या मावशींना नाही. कायदा संघटित नोकरीपुरता. बाकीच्यांना मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला पाच हजार, तेही हप्त्यांनी आणि आधार जुळलं तर.

---

टीपकागद | रात्री ९.१५

उशिरा येतोय, पण क्रमावरचा वाद राहिला होता. केरळचं उदाहरण घ्या. १९७१ मध्ये देश १२९ वर होता तेव्हा केरळ ५८ वर. आखाती पैसा यायच्या आधीची गोष्ट. उत्पन्न देशाच्या सरासरीइतकंही नव्हतं. होतं काय? मुली शाळेत गेल्या होत्या, चालत जाता येईल एवढ्यावर दवाखाना होता, आणि तो बंद असला तर लोक मोर्चा काढत होते. म्हणून माझ्या यादीत आईची शाळा पहिली. शिकलेली बाई उशिरा लग्न करते, अंतर ठेवते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, डॉक्टरला उलट प्रश्न विचारते. पळसफूल यांचं "अज्ञान शेवटी" मला एवढ्यासाठीच खटकलं. शाळा नाकारणं हा काही त्या बाईचा अडाणीपणा नव्हे.

---

पळसफूल | ९.५०

@टीपकागद, शाळा पहिली म्हणालात तर भांडत नाही, माझ्या डोक्यात 'अज्ञान' म्हणजे शिव्या देणाऱ्यांचं अज्ञान होतं. पण मेळघाटातली आश्रमशाळा पाहून या. मुलगी सातवीत आहे आणि मराठी वाक्य वाचता येत नाही, कारण पहिली ते चौथी कोरकू समजणारा मास्तर मिळाला नाही. नुसत्या इयत्ता मोजून तिला 'शिकलेली' धरलं जातं.

@डॉक, गडचिरोलीचं तुमचं म्हणणं मान्य. माझा मुद्दा एवढाच की आरोग्यदूताने वाचवलेलं बाळ पुढे त्याच घरात सहा महिन्यांनी कुपोषणात सापडतं. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळ गरम जेवण आहे. जिथे ताई चांगली तिथे बायका लाजत का होईना येऊन जेवतात, घरी नेलं तर सगळ्यांत वाटलं जातं म्हणून तिथेच जेवतात. पण पेरणीत दुपारी बाराला अंगणवाडीत कोण येणार? डबा रानात पोचवणारी एक ताई मला माहीत आहे. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

---

डॉक_वेशीबाहेर | १०.१०

आणि मोठ्या दवाखान्याबद्दल एक. भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये नवजात कक्षात आग लागून दहा बाळं गेली. आम्ही आयांना सांगतो, घरी नको, दवाखान्यात या. त्या येतात. मग तिथे रात्री किती नर्सेस असतात, बाळांना ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर किती बाळं असतात, हे प्रश्न 'सामाजिक-आर्थिक घटक' म्हणून कोणत्याच तक्त्यात येत नाहीत.

---

रेवा_मावशी | १०.२५

माझ्या नातीच्या शाळेजवळ बांधकामावरच्या बायका राहतात, पत्र्याच्या खोल्यांत. एकीला सातवा लागलाय असं दिसतंय. लाडू वगैरे देईन, पण त्याशिवाय नेमकं काय करायचं? नर्सताई, सांगशील का? अंगणवाडीत कागद मागतील तर?

---

नर्सताई | १०.५५

मावशी, कागद नसला तरी नाव घ्यायला पाहिजे, राहते तिथल्या अंगणवाडीत. नाही म्हणाल्या तर पर्यवेक्षिकेचं नाव विचारा, बहुतेक वेळा तेवढ्याने घेतात. जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात तिला एकदा घेऊन जा, स्वतः जा, पत्ता सांगून सोडू नका. रक्त, वजन, बीपी, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि माता-बाल कार्ड. ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्याजवळच ठेवायला सांगा, ठेकेदाराकडे नको. १०२ आणि १०८ दोन्ही नंबर तिच्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये घालून द्या. आणि गावी कधी जाणार ते आत्ताच विचारून ठेवा, नवव्या महिन्यात एसटीने निघतात त्या.

लाडू द्याच. पण तिच्या हातात देऊ नका, समोर बसवून खायला घाला.

---

रेवा_मावशी | ११.०२

उद्या शाळा सुटायच्या वेळेला जाते. डिंकाचे चालतील ना, की अळिवाचे?

---

भाकरतुकडा | ११.०४

संपादक, पाककृती विभाग इकडे हलवा.